तुझी चित्रं माझ्याकडे दे

मँचेस्टर
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय मेघा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे इकडे. ग्लासगोचे फोटो मी व्हॉट्सअॅपवर टाकले, तू खाली बदाम टाकलास आणि विषय संपला, पण माझा विषय संपलेला नाही. मला तुझ्याशी एका गोष्टीबद्दल नीट बोलायचंय आणि फोनवर तो विषय आला की तू लगेच पोरांच्या शाळेवर जातेस, म्हणून लिहूनच पाठवतेय, शांतपणे वाच.

तर वर्ल्डकॉन. म्हणजे विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं जागतिक संमेलन, दरवर्षी वेगळ्या शहरात असतं, यंदा ८ ते १२ ऑगस्ट ग्लासगोला होतं, क्लाइड नदीच्या काठावर ते मोठं प्रदर्शन केंद्र आहे ना, खवल्याखवल्यांचं पत्र्याचं छप्पर असलेला हॉल, ज्याला सगळे आर्माडिलो म्हणतात, तिथे. मला वाटलं होतं मोठे लेखक स्टेजवर बसणार आणि आपण खाली बसून ऐकणार, आपल्या साहित्य संमेलनासारखं. तसं नाहीये गं अजिबात. तिकीटच नसतं, मेंबरशिप असते, आणि मेंबर म्हणजे खरोखर मेंबर, दोन वर्षांनंतरचं संमेलन कुठल्या शहरात व्हायचं ते मेंबर मतदान करून ठरवतात, विज्ञानकथांसाठीचा ह्युगो पुरस्कार कुणाला द्यायचा तेही मेंबरच ठरवतात, आणि खुर्च्या लावण्यापासून माईक तपासण्यापर्यंत सगळी कामं करणारे लोक व्हॉलंटियर, पगार कुणालाच नाही, उलट ते स्वतः मेंबरशिपचे पैसे भरून आलेले असतात. कुणी बँकेत आहे, कुणी नर्स आहे, कुणी रिटायर्ड मास्तर. वाचणारे लोक, एवढंच.

चर्चा तर एका वेळी इतक्या ठिकाणी चालू की कुठे जावं कळेना. मी एका खोलीत शिरले तिथे मंगळावर वस्ती करायची का यावर जुंपली होती, माती विषारी आहे, तिथे मूल जन्माला आलं तर त्याच्या हाडांचं काय होईल, जमीन कुणाच्या मालकीची, असं सगळं, आणि अर्धे लोक विणकाम करत करत ऐकत होते, हात चालू आणि मध्येच सुई थांबवून असा प्रश्न विचारायचे की पुढचे वक्ते गप्प. आणि गंमत बघ, यंदा ललितेतर विभागात ज्या पुस्तकाला ह्युगो मिळाला ते पुस्तकच मुळी मंगळावर राहायला जाणं वाटतं त्यापेक्षा किती अवघड आहे हे सांगणारं आहे. ज्यांनी आयुष्यभर मंगळाची स्वप्नं बघितली त्यांनीच त्याला मतं दिली! मला ते फार आवडलं. स्वप्न आवडतं म्हणून त्याची उलटतपासणी करायची नाही असं त्यांचं नाहीच.

कादंबरीच्या विभागात कोलंबोचा लेखक वज्र चंद्रसेकरा शेवटच्या सहात होता, त्याला मिळाला नाही पण तिथल्या लोकांनी त्याचं पुस्तक वाचलेलं होतं, त्यावर भांडत होते, आणि आपल्या शेजारचा माणूस तिथे आहे हे बघून मला किती बरं वाटलं सांगू.

मतदानाचं पण सांगते कारण ते मला महत्त्वाचं वाटतं. मागच्या वर्षी चीनमध्ये चेंगडूला झालं तेव्हा काही चांगल्या पुस्तकांना कारण न देता अपात्र ठरवलं गेलं आणि जानेवारीत मतांचे आकडे बाहेर आल्यावर जगभरचे वाचक भयंकर चिडले. चिडायलाच हवं होतं. म्हणून यंदाच्या लोकांनी सगळं उघड करायचं ठरवलं. त्यात एकूण ३,८१३ मतांपैकी ३७७ मतं खोटी निघाली, म्हणजे मतदारांची नावं बघ कशी, आडनाव तेच फक्त पहिलं अक्षर ओळीनं बदललेलं, किंवा नावं म्हणजे एकापुढचे एक आकडेच. ती मतं त्यांनी बाद केली, जुलैमध्येच जाहीर करून टाकलं, आणि ज्या उमेदवारासाठी ती पडली होती त्याचं नाव मात्र सांगितलं नाही कारण त्याला हे माहीत होतं असा काही पुरावा नव्हता. लोक फावल्या वेळात हे करतात मेघा. रात्री घरी बसून मतदारांच्या याद्या तपासतात, एका पुस्तकावर अन्याय होऊ नये म्हणून.

आता मुद्द्यावर येते. आर्ट शो.

त्याचे फोटो तुला पाठवले नाहीत कारण असल्या आर्ट शोत सहसा फोटो काढू देत नाहीत, चित्रकाराचा हक्क असतो तो. एका बाजूला नुसती पॅनेल्सची रांग, त्यावर चित्रं, खाली टेबलांवर शिल्पं, दागिने, भरतकाम केलेल्या आकाशगंगा. प्रत्येक चित्राजवळ एक कागद, त्यावर किमान किंमत लिहिलेली, आवडलं की आपला आकडा लिहायचा, दुसऱ्यानं वरचा आकडा लिहायचा, जास्त बोली लागल्या की चित्र लिलावात जातं. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे नावाजलेले चित्रकार आणि नोकरी सांभाळून घरी रंगवणारे लोक एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी. हौशी चित्रकारांसाठी वेगळा ह्युगो सुद्धा आहे, फॅन आर्टिस्टचा, १९६७ पासून देतात. मी दोनदा सगळी फेरी मारली. ड्रॅगन खूप, यानं खूप, लांबच्या ग्रहांवरची जंगलं खूप. काही चित्रं अशी की पाय निघत नव्हता. पण मेघा, रंकाळ्यावर दोन चंद्र उगवलेत आणि भेळेच्या गाड्यावर माणसं वर न बघता खातायत, असं एकही चित्र तिथे नव्हतं. पंचगंगेच्या घाटावर उतरलेलं यान आणि त्याच्या सावलीत कपडे वाळत घालणारी बाई, नव्हती. ती चित्रं तुझ्या लोखंडी कपाटावर गुंडाळून ठेवलीयत.

तू म्हणशील ही मुलांची चित्रं, कोण बघणार. तू हेच म्हणतेस नेहमी. म्हणून तुला थोडा इतिहास सांगते, मी परत आल्यापासून तोच वाचतेय.

१९२६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत विज्ञानकथांचं पहिलं मासिक निघालं, त्याच्या पहिल्याच मुखपृष्ठावर बर्फावर घसरत चाललेली माणसं आणि मागे आकाशभर शनी. ज्यूल व्हर्नच्या गोष्टीवरचं चित्र होतं ते, आपण भा. रा. भागवतांच्या मराठीतून वाचला तोच व्हर्न. चित्रकार फ्रँक पॉल, मूळचा आर्किटेक्चर शिकलेला, म्हणून त्याची यंत्रं आणि शहरं एकदम खरी उभी राहतात. त्या मासिकात वाचकांची पत्रं यायची ती पूर्ण पत्त्यासकट छापायचे, मग एका गावातल्या मुलाला कळायचं की चार गल्ल्या सोडून आपल्यासारखाच एक वेडा राहतो, मग पत्रं, मग भेटी, मग क्लब, मग स्वतःची सायक्लोस्टाइल केलेली छोटी मासिकं. सगळी चळवळ पोस्टाच्या पाकिटातून उभी राहिली. आणि १९३९ च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं तेव्हा साधारण दोनशे लोक आले, आणि सन्मानाचा पाहुणा कोण तर फ्रँक पॉल! लेखक नाही, संपादक नाही, चित्रकार. पहिल्याच संमेलनात वाचकांनी तो मान चित्रकाराला दिला.

त्याच संमेलनाला लॉस एंजेलिसहून मर्टल डग्लस नावाची बाई आली होती, फॅन लोकांत तिला मोरोजो म्हणत. तिनं भविष्यातल्या माणसांचे कपडे कसे असतील ते डोक्यात आणून स्वतः शिवले, एक तिच्यासाठी आणि एक मित्रासाठी, आणि दोघं ते घालून आले. आज जगभर जे कॉस्प्ले चालतं, म्हणजे गोष्टींतल्या पात्रांसारखे पोशाख करून मिरवणं, त्याची सुरुवात तिथून धरतात. पण कित्येक वर्षं नाव व्हायचं ते त्या मित्राचं, फॉरेस्ट अॅकरमनचं, शिवणारी मागे राहिली. मला याचा राग येतो. ग्लासगोला पोशाखांच्या स्पर्धेत मी त्याच विचारात होते. तिथे नवख्यांची स्पर्धा नवख्यांशी असते, मुरलेल्यांची मुरलेल्यांशी, आणि परीक्षक शिवण उलटून आतून पण बघतात, टाका कसा आहे ते.

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठीच हे पत्र. त्या १९३९ च्या संमेलनाला रे ब्रॅडबरी गेला होता, नंतर एवढा मोठा लेखक झाला तो, पण तेव्हा अठरा वर्षांचा, खिशात पैसे नाहीत, अॅकरमनकडून उसने घेतले आणि अख्खी अमेरिका ओलांडत बसनं न्यूयॉर्कला. सोबत काय होतं माहितीय? मित्राच्या चित्रांची फाइल. हॅनेस बॉक नावाचा त्याचा चित्रकार मित्र, त्याला स्वतःला जाणं परवडत नव्हतं, म्हणून ब्रॅडबरी त्याची चित्रं घेऊन संपादकांची दारं वाजवत फिरला. आणि एका संपादकाला ती आवडली! त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकाचं मुखपृष्ठ बॉकचं होतं. १९५३ ला फिलाडेल्फियात ह्युगो पहिल्यांदा दिले गेले तेव्हा मुखपृष्ठ चित्रकाराचा पुरस्कार दोघांत विभागून मिळाला, त्यातला एक हॅनेस बॉक.

हे वाचल्यापासून मला राहवत नाहीये. मित्रानं मित्राची फाइल उचलली आणि बसमध्ये चढला, यात अवघड काय आहे, मला का नाही करता येणार? मी ब्रॅडबरी नाही पण विमानात एक नळकांडं मला नक्की नेता येतं.

आणि आपल्याकडे कोण वाचतं हे म्हणूच नकोस. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाचीतरी गोष्ट पहिली आली, आणि ते निघाले आपले जयंत नारळीकर, आपल्या नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलेलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतलेलं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात या नव्या वाटेची दखल घेतली. आणि नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापूरचाच. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, आपण शाळेच्या लायब्ररीत आणि दिवाळी अंकात हे सगळे वाचून काढले की नाही? वाचणारे होते आणि आहेत, फक्त त्यांनी एकमेकांना शोधलं नाही. त्या अमेरिकन मासिकानं पत्ते छापले तसं आपल्या वाचकांसाठी कुणी करायला हवं होतं असं मला फार वाटतं. मागच्या वर्षी चांद्रयान उतरल्यावर तुमच्या मंडळानं जो देखावा केला, त्याच्या मागचा चंद्र तू रंगवलास, त्या खड्ड्यांच्या सावल्या एका दिशेनं पडतायत हे बघायला कॉलेजची पोरं परत परत येत होती असं तूच सांगितलंस. तीच पोरं वाचक आहेत.

तर मी दोन गोष्टी ठरवल्यायत, तू हो म्हण.

एक, मी दिवाळीला येतेय, परत जाताना तुझी चार-पाच चित्रं घेऊन येणार. ब्रिटनचं स्वतःचं संमेलन दर ईस्टरला असतं, २०२५ चं बेलफास्टला आहे, त्यांच्या आर्ट शोला पॅनेल कसं मिळतं, भाडं किती, हे मी विचारून ठेवते, भाडं माझं. रंकाळा नक्की हवा. घाट पण. बाकीची तू निवड, पण "अजून पूर्ण नाही झालं" हे कारण चालणार नाही, दिवाळीपर्यंत वेळ आहे.

दुसरं, भाऊबीज झाली की तुमच्या गच्चीवर एक संध्याकाळ. मंडळातली ती पोरं, तुझ्या शाळेतल्या दोघी मॅडम, माझा भाऊ, जो येईल तो. सगळ्यांनी आधी एकच गोष्ट वाचून यायची, माझं मत नारळीकरांच्या त्या पहिल्या गोष्टीला, पण जावडेकर घ्यायचे म्हणालीस तरी माझी तयारी आहे. आणि ज्याला काढता येतं त्यानं त्या गोष्टीवर एक चित्र काढून आणायचं, कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावू. भाषणं नाहीत, अध्यक्ष नाही. चहा आणि चिवडा मी बघते.

गणपतीच्या गडबडीत असशील, लगेच उत्तर नको, पण अनंत चतुर्दशी झाली की फोन कर. काकूंना नमस्कार, पिंट्याला म्हणावं रॉकेटच्या आकाराची पेन्सिल घेतलीय त्याच्यासाठी.

तुझीच,
रश्मी

ता.क. चित्रांची मापं टेपनं मोजून पाठव, फ्रेमशिवायची. आणि प्रत्येकाच्या मागे नाव, साल आणि "कोल्हापूर" लिहून ठेव.