बाबा, यंदा दोन गुंठे हौसेनं पेरा

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

काय करायलात? फोन तर होतोच, पण बाबा तुम्ही दोन मिनिटांच्या वर फोन धरत नाहीत आणि आई तू पहिल्यांदा पोरांच्या जेवणाचंच विचारतीस, त्यात जे खरं सांगायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून आज बसून लिहायलेय.

घटस्थापनेच्या आधी घरामागची जागा नीट करून घेतली. तिथं नुसता मुरूम होता, त्यावर एक ट्रॉली काळी माती आणि शेणखत टाकलं, एक-दोन पावसात ते छान बसलं. मग मेथी, पालक, शेपू, चुका, आणि एका वाफ्यात हरभरा, भाजीपुरता. लसूण या आठवड्यात लावला, एकेक पाकळी टोक वर करून. धणे आई तुझ्यासारखेच पाटावर रगडून, दोन फाका करून टाकले. मेथी तीन-चार दिवसांत वर आली, कोथिंबिरीनं मात्र खूप वाट बघायला लावली, मी रोज चहाचा कप घेऊन वाकून वाकून बघायची, आणि ज्या दिवशी पहिली हिरवी रेघ दिसली त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. ऑक्टोबरचं ऊन आहे, दुपारी माती वरून पार वाळती, पण बोट खुपसलं की खाली गार ओल लागती, आपली काळी मातीच तशी, त्या ओलीवरच तर आपली ज्वारी पाण्यावाचून निघते.

हरभरा बघितला की आई तू आठवतीस, थंडीत पहाटे हरभऱ्यावर धडपं पसरून आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, धरायचीस, आणि ती आंब पोट दुखलं की चमचाभर पाजायचीस. आणि शेंडे खुडून केलेली ती आंबट भाजी, शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त फुटतात हे मला शाळेत जायच्या आधीच माहीत होतं, तुझ्यामुळं.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय.

ज्वारीची पेरणी म्हटलं की मला तुमचा चेहरा आठवतो. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी परभणीच्या कृषी विद्यापीठात रब्बीचा मेळावा असायचा, तिथून तुम्ही परभणी मोती ज्वारीच्या बियाची पिशवी आणायचात. कणसावर काणी रोग पडू नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचात. मग हस्त नक्षत्रात वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी झाली, की पेरणीची तिफण, तिच्या चाड्यावर बी सोडणारी आईची मूठ, बांधाच्या कडेनं करडईचे तास, काट्याला भिऊन जनावर आत येऊ नये म्हणून. हे सगळं मला लख्ख आठवतं, पण पेरताना तुम्ही हसलेलं आठवत नाही. परतीचा पाऊस जास्त झाला तर वाफसा नाही, कमी झाला तर उगवण नाही, वर कर्जाचा हप्ता, दुकानाची उधारी, माझ्या कॉलेजची फी. इतकी वर्षं तुम्ही पेरलं पण पेरणीतला आनंद काही तुमच्या वाट्याला आला नाही, आणि तो काय असतो हे मला या एवढ्याशा वाफ्यात कळायलंय तेव्हा फार वाईट वाटायलंय.

म्हणून एक हट्ट आहे. शेत बटईनं दिलं ते चांगलंच झालं, तुमच्या गुडघ्यांना आता ते होणार नाही. पण विहिरीजवळची दोन गुंठे ठेवून घ्या. उतारा मोजायचा नाही, भाव विचारायचा नाही. हुरड्यापुरती गुळभेंडी ज्वारी, थोडा हरभरा, आईला मेथी-लसणाचा वाफा आणि शेवंतीची दोन झाडं, बास. सकाळी जाऊन नुसतं बघून यायचं.

आणि एक पुस्तक पाठवायलेय. गाथासप्तशती, मराठी अर्थासकट. मी नवीनच घेतली, इतकी आवडली की तुमच्यासाठी दुसरी प्रत मागवली. पैठणला सातवाहनांचं राज्य होतं ना, त्यातल्या हाल राजानं गोळा केलेल्या सातशे गाथा, सगळ्या दोन-दोन ओळींच्या. राजाचं पुस्तक म्हणजे लढाया आणि दरबार असेल असं वाटलं होतं, पण उघडलं तर नांगर हाकणारा गडी, कापसाचं शेत, पावसाळी रात्र, गावातल्या बायका, आणि आपली गोदावरी. काही गाथा तर बायकांनीच रचलेल्यात. पुष्कळशा प्रेमाच्या आहेत, आई तू लाजशील, पण बाबांकडून वाचून घेच. मी झाडांना पाणी घालून पायरीवर बसते आणि दोन-चारच वाचते, जास्त वाचवतच नाहीत, एकेक गाथा मनात मुरायला वेळ लागतो. पैठणची तीच गोदावरी, आपली गंगा, खाली आपल्या गंगाखेडला येती, म्हणजे ही आपल्याच काठावरची माणसं, दोन हजार वर्षांमागची, असं वाचताना सारखं वाटतं. बाबा, तुमचा मोतीबिंदू निघालाय, चष्मा नवीन आहे, आता कारण सांगायचं नाही. शेताच्या गाथा वाचून मला सांगा त्यातलं काय तुम्ही बघितलंय, मी लिहून ठेवणारे.

आई, तू राखेत घालून ठेवलेलं दोडक्याचं आणि वालाचं बी माझ्यासाठी थोडं बाजूला काढ, दिवाळीत आले की घेईन.

पुस्तकाच्या पिशवीत गुळभेंडीचं बी पण आहे, गंधक चोळलेलं नाही, ते तुम्ही चोळा. हस्त सरत आलाय बाबा, पार्सल मिळालं की लगेच टाका.

तुमची,
ताई