सूचना: रोज एक विषय, रोज १० मिनिटं (७ ते २७ फेब्रुवारी)

सभासदहो, ७ तारखेपासून २१ दिवस रोज सकाळी ६ वाजता गटावर लेखनासाठी एक विषय येईल. उदा. ‘फडताळातला बंद डबा’.

• वहीत, हाताने, घड्याळ लावून लिहा. खोडू नका; पहिलं वाक्य सुधारत बसलं की १० मिनिटं तिथंच संपतात.
• रोजनिशीवाल्यांनी आजचीच एखादी घटना धरावी. कथेसाठी एक पात्र, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि एक अडथळा हवाच. नाहीतर डब्याचं नुसतं वर्णन होतं, कथा हलत नाही.
• दिवस चुकला तर सोडा. दोन विषय एकदम उरकू नका.

रोजनिशी खासगीच राहील. कथा (३०० शब्द) २५ तारखेपर्यंत संयोजकांकडे द्या. वाचन २७ला, मराठी भाषा गौरव दिनी, संध्याकाळी ६, नेहमीच्या जागी.

आणि कृपया, ‘शुभ सकाळ’ची चित्रं तोवर नकोत, विषय वर निघून जातो.