कुंतीला फुलू द्या

महोदय,

सोसायट्यांची कुंपणे, रस्तादुभाजक, उद्यानांच्या कडा अशा कितीतरी ठिकाणी कुंती लावली जाते. रोपवाटिकेत ती 'कामिनी' नावाने मिळते. आपल्या सह्याद्रीतले हे झुडूप लावतात ते सुगंधासाठी, पण वर्षभर दिसते ती नुसती हिरवी भिंत. मग जात खराब लागली, माती बरी नाही, अशी कारणे निघतात. बहुतेक ठिकाणी खरे कारण एकच असते, दर महिन्याला फिरणारी कुंपणाची मोठी कात्री.

कुंतीचे गुच्छ नव्या फुटीच्या शेंड्याला येतात. फूट निघून, थोडी जून होऊन तिला कळ्या धरायला दीड-दोन महिने लागतात. त्याआधी शेंडे उडवले की कळीची जागाच जाते आणि झाड पुन्हा पाने काढत बसते. शिवाय भादरल्यामुळे वरचा थर दाट होतो, आत ऊन पोचत नाही आणि बुडाशी काटक्या उघड्या पडतात.

छाटणी वर्षातून दोनदा पुरे. मुख्य छाटणी फेब्रुवारीअखेर, नवी पालवी सुटण्याआधी करावी आणि तेव्हाही एक तृतीयांशापेक्षा जास्त फांदी काढू नये. पावसाळ्यातला मोठा बहर ओसरला की दुसरी, हलकी. दोन्ही वेळा हातातली छोटी कात्री, म्हणजे सिकेटर वापरावी, डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर कापावे आणि आतल्या वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या काटक्या आधी काढाव्यात. वेळ जास्त जातो हे खरे, पण वर्षात दोनदाच.

कुंतीचे पान उजेडाला धरून पाहा. बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबू-संत्र्याच्या पानांतही त्या असतात, कारण कुंती त्याच कुळातली. म्हणून संत्रा बागायतदारांची युक्ती इथेही चालते : ताण देणे. जमिनीतल्या जुन्या झाडाचे पाणी दहा-पंधरा दिवस तोडावे, पाने किंचित मलूल होऊ द्यावीत आणि मग भरपूर पाणी द्यावे. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला की कुंती एकदम पांढरी होते, त्यामागे हेच आहे. कुंडीतल्या झाडाला मात्र दोन-चार दिवसांचा ताण पुरतो, जास्त ताणले तर मुळे सुकतात. कुंडी किमान चौदा इंची हवी आणि रोज चार-पाच तास ऊन हवेच. सावलीत झाड जगते, फुलत नाही. युरियाचा मारा केला तरी पानेच वाढतात.

लागवडीला दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाड वाळू. कुंपणासाठी दोन ते अडीच फुटांवर, मोकळे झुडूप हवे तर पाच-सहा फुटांवर लावावे. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, तिथे वरंब्यावरच लावलेले बरे. चुनखडीच्या जमिनीत केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता आहे. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. बी लावायचे तर लाल पिकलेल्या फळाचा गर धुऊन आठवड्याच्या आत पेरावे, वाळवून ठेवलेले बी नीट रुजत नाही. बियांचे रोप फुलायला वेळ घेते, गुटीचे, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले, लवकर फुलते.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. सिट्रस सिला ही कीड कुंतीवर आवडीने वाढते आणि संत्रा-मोसंबीत ग्रीनिंग रोग पसरवते. त्या रोगावर इलाज नाही, म्हणून अशा बागांच्या आसपास कुंतीचे कुंपण करूच नये. ही कीड अंडी घालते ती फक्त कोवळ्या फुटीवर. महिन्याला भादरलेल्या कुंपणावर कोवळी फूट कायमच असते, म्हणजे तीच कात्री किडीचीही सोय करते. फुटीवर कीड किंवा मावा दिसला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडे साबणाचे पाणी घालून फवारावे. फुले उमललेली असताना मात्र फवारू नये, तेव्हा मधमाश्या असतात. पाने खाणारी हिरवी अळी दिसली तर राहू द्यावी. ती बहुधा फुलपाखराची असते आणि मोठ्या झाडाचे त्याने काही बिघडत नाही.

उद्यान विभागांनी आणि सोसायट्यांनी देखभालीचे कंत्राट देताना कुंतीसाठी 'मासिक कटिंग' हा शब्द काढून छाटणीचे दोन महिने आणि सिकेटर स्पष्ट लिहावे. ज्यांना काटेकोर चौकोनी भिंतच हवी आहे, त्यांनी तिथे कोयनेल लावावी.

– एक बागप्रेमी वाचक