ताडपत्री आणि तुझं अलिबाग

खानापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय बाळू,

तुझं पत्र मिळालं. अलिबागला बदली म्हटल्यावर इथं सगळे मासे नि समुद्र म्हणाले, मला आधी आठवली तिथली चुंबकीय वेधशाळा. "दुर्बीण तर दिसत नाही, मग बघतात काय?" असं विचारलंयस. अरे, ते पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाडी धरून बसलेत. मूळचं ठाणं कुलाब्याचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली काम अलिबागला हलवलं.

सूर्यावरनं विद्युतभारित कणांचा वारा सतत येतो, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटरनं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला सूर्याच्या बाजूला साधारण ६५ हजार किलोमीटरवर थोपवून धरतं. दोघांचा जोर जिथं बरोबरीला येतो, ती हद्द. आपला सीमाप्रश्न १९५६ पासून जागचा हलला नाही, ही सीमा मात्र रोज हलते! वाऱ्याचा दाब वाढला की आत सरकते. फारच मोठा तडाखा बसला तर ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रहसुद्धा काही वेळ हद्दीबाहेर, थेट वाऱ्यात.

परवा वळवाच्या आधी आबा नि मी गवताच्या गंजीवर ताडपत्री बांधत होतो. माझ्या हातातल्या टोकाला झोत बसला, लाट पळत पलीकडच्या दोरीपर्यंत गेली आणि तिथनं उलटी आली. नंतर वारा पडला तरी ती थोडा वेळ थरथरत होती. ही हद्दही अशीच थरथरते बघ. तडाखा बसला की लाटा ध्रुवांकडं जाऊन परततात, ढोलाच्या चामड्यासारख्या. कित्येक वर्षं हे कागदावरच होतं, २०१९ साली नासाच्या थेमिस उपग्रहांच्या नोंदींतून पुरावा जाहीर झाला. मला तर वर्गात सांगतानाही अंगावर काटा येतो. पोरं हसतात, हसू देत.

नुसता जोर असून भागत नाही पण. वाऱ्यानं सोबत आणलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडं वळलेलं असेल, तर ते आपल्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि दार उघडतं. मग खरं चुंबकीय वादळ. तडाखा बसल्यावर काही मिनिटांत अलिबागची नोंद आधी वर उडी घेते, मग वादळ भरात आलं की खाली कोसळते. १८५९ च्या सप्टेंबरात कुलाब्याला ती सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप ते) घसरली होती. २०२४ च्या मे महिन्यातल्या वादळात लडाखमध्ये हानलेचं आकाश ध्रुवीय प्रकाशानं लाल झालं, नि मी इथं गच्चीवर डास मारत उभा. आपल्या अक्षांशावर काय दिसणार, कप्पाळ?

आता आपला आदित्य एल-१, इस्रोचा सूर्यावर नजर ठेवणारा उपग्रह, सूर्याच्या बाजूला पंधरा लाख किलोमीटर पुढं उभा आहे. वारा त्याला ओलांडून आपल्यापर्यंत यायला तासभर लागतो.

तू एकदा वेधशाळेत जाऊन ये की. आत सोडत नसतील तर निदान फाटकावरच्या माणसाशी बोल, आणि जुना कागद बघायला मिळाला तर मला सविस्तर कळव. येणाऱ्या कुणाच्या तरी हातून कुंदा पाठवतो.

आबा हाक मारतायत. ताडपत्रीची एक गाठ सुटलीय.

तुझा,
दत्ता