तंतूंच्या रंगीत चित्रातून सिग्नलचा प्रवास कळत नाही

महोदय,

मेंदूच्या संगणकीय मॉडेलवर कुठेही लेख आला की सोबत ठरलेले चित्र असते: काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या तंतूंचा झुपका आणि खाली ओळ, ‘मेंदूतील वायरिंग’. चित्र देखणे आहे, हरकत नाही. पण त्यातला एकही तंतू कोणी पाहिलेला नसतो. एमआरआय यंत्र पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडवे कमी. त्या कलावरून संगणक रेघा ओढत जातो. लाल म्हणजे डावीकडून उजवीकडे, हिरवा म्हणजे पुढून मागे, निळा म्हणजे वरून खाली. रंगांचा अर्थ तेवढाच.

मोजणीचा एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा, तर अक्षतंतूची (चेतापेशीच्या लांब धाग्याची) जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. एका ठोकळ्यात लाखो तंतू एकमेकांना ओलांडतात, वळतात, नुसतेच खेटून जातात. २०१७ साली २० संशोधकगटांच्या पद्धती एका कृत्रिम डेटावर तपासल्या गेल्या, ज्यातल्या तंतूंच्या २५ जुड्या कुठून कुठे जातात हे आधीच ठाऊक होते. खऱ्या जुड्या बहुतेकांना सापडल्या. पण त्यांच्यापेक्षा जास्त संख्येने नसलेल्या जुड्याही ‘सापडल्या’. शिवाय रेघ दिशा सांगत नाही. हा एकेरी रस्ते न दाखवणारा नकाशा आहे. अ भाग ब ला सिग्नल पाठवतो की उलट, हे त्यातून निघत नाही, म्हणून माणसाच्या मेंदूची बहुतेक मॉडेले दोन्ही बाजूंना सारखाच जोर धरून चालतात.

सिग्नल कुठल्या वाटेने जातो हे ठरवताना एक चूक सर्रास होते. कुठला भाग कुठल्या भागाशी किती जोडलेला आहे याच्या, म्हणजे जोडणीच्या सारणीत मोठा आकडा म्हणजे भक्कम जोडणी. ‘सर्वांत जवळची वाट’ शोधणाऱ्या प्रोग्रामला मात्र लांबी हवी असते. आकडे उलटे न करता, म्हणजे १ भागिले जोर किंवा जोराचा ऋण लॉगॅरिदम न घेता, तसेच दिले की सगळे सिग्नल सर्वांत कच्च्या जोडण्यांवरून धावतात. उत्तर येते, आलेख छान दिसतो, कुणाला संशय येत नाही. त्याहून मूळ आक्षेप असा की जवळची वाट शोधायला पूर्ण नकाशा माहीत लागतो, आणि चेतापेशीला शेजाऱ्यांपलीकडचे काही ठाऊक नसते. म्हणून सिग्नल सगळीकडे पसरत जातो असे धरणारी मॉडेले आम्हाला जास्त पटतात, जरी त्यांचे निकाल वाचायला कंटाळवाणे असले तरी.

मग वेळ. मेंदूतील लांब तंतूंवर वेग सेकंदाला ५ ते १० मीटर धरण्याचा प्रघात आहे. १२० मिलिमीटरच्या वाटेला सेकंदाला १० मीटर वेगाने १२ मिलिसेकंद लागतात. ४० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचे, म्हणजे एका टोकाला लहर शिखरावर असताना दुसऱ्या टोकाला जवळजवळ तळाशी असते. हा उशीर वगळून ईईजीबद्दल (डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींबद्दल) काही सांगणे व्यर्थ. एफएमआरआयचे (रक्तपुरवठ्यातील बदलावरून मेंदूचे काम टिपणाऱ्या स्कॅनचे) गणित वेगळे: त्यात रक्तपुरवठ्याची प्रतिक्रिया शिखराला पोचायलाच ५-६ सेकंद लागतात, तिथे उशीर सोडून दिला तर फारसे बिघडत नाही.

मॉडेलमध्ये हा उशीर घालताना नेमके कुठे फसते? समजा, मेंदूचे ६८ भाग, सर्वांत लांब तंतू २०० मिलिमीटर, वेग सेकंदाला १० मीटर, गणनेची पायरी (दर वेळी पुढे सरकण्याचा काळ) ०.१ मिलिसेकंद. सर्वांत मोठा उशीर २० मिलिसेकंदांचा, म्हणून प्रत्येक भागाची मागची २०० मूल्ये जपायची. जागा भरली की नवे मूल्य सर्वांत जुन्याच्या जागी. आता वेग ५ मीटर करून पाहिला. उशीर ४०० पायऱ्यांचा झाला, पण जागा २०० चीच राहिली. शोध चक्राकार फिरून परत त्याच घरावर येतो आणि सर्वांत लांब तंतूवरचा सिग्नल ४० ऐवजी २० मिलिसेकंदांतच पोचतो. प्रोग्राम चूक दाखवत नाही. मॉडेलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या यादृच्छिक गोंगाटाचेही तसेच: त्याला पायरीच्या वर्गमुळाने गुणायचे असते, पायरीने नव्हे. नाहीतर पायरी बारीक केली की गोंगाट विरत जातो. उपाय साधा आहे, पायरी निम्मी करून पुन्हा चालवावे. सरासरी चित्र बदलले तर कोड तपासायला घ्यावा.

शेवटी सगळ्या जोडण्यांना एकत्र गुणणारा एक आकडा उरतो. तो कमी ठेवला तर भाग आपापले चालतात, फार वाढवला तर सगळे एकाच तालात अडकतात. मधली जागा शोधताना मॉडेल एफएमआरआयच्या सहसंबंधांशी (कोणते भाग किती एकत्र हलतात याच्या आकड्यांशी) जुळवतात, आणि बातमीत ‘मॉडेल मेंदूशी जुळले’ येते. ज्याच्याशी जुळवले त्याच्याशी जुळणारच! मॉडेल न चालवता नुसती जोडणीची सारणीच त्या सहसंबंधांशी किती जुळते, हा आकडा शेजारी छापलेला असावा. आणि दोन भाग एकत्र हलले म्हणजे त्यांच्यात सिग्नल गेला असे नाही. तिसरा भाग दोघांनाही हलवत असू शकतो.

खरी कसोटी ढोसून पाहण्याची. गोल कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-नकाशा १९८६ पासून हाती आहे. २०२३ मध्ये त्यातल्या एकेका पेशीला प्रकाशाने उद्दीपित करून सिग्नल कुठे पोचतात हे पाहिले, तेव्हा नकाशावरून केलेली भाकिते बरीच चुकली. एक कारण न्यूरोपेप्टाइड: ही रसायने सिनॅप्स (दोन पेशींमधले सांधे) सोडून बाहेरून पसरतात. माणसात अशी संधी अपस्माराच्या रुग्णांत मिळते. शस्त्रक्रियेआधी बसवलेल्या एका इलेक्ट्रोडमधून छोटा विद्युत झटका पुन्हापुन्हा देतात आणि इतर इलेक्ट्रोडवर १० ते ५० मिलिसेकंदांत येणाऱ्या पहिल्या प्रतिसादाची सरासरी काढतात. मॉडेलने हा क्रम आधी सांगावा, मोजणी नंतर व्हावी.

अपस्माराच्या मॉडेलमध्ये ही शिस्त थोडीफार आली आहे, कारण अपस्माराचे झटके मेंदूत कुठून सुरू होतात याचे भाकीत शस्त्रक्रियेनंतर ताडून पाहता येते. तिथेही एक मेख आहे. शस्त्रक्रियेत मेंदूचा जास्त भाग काढला तर उगमाची जागा त्यात योगायोगानेही येऊ शकते. म्हणून काढलेल्या भागाचा आकार हिशेबात न घेता दिलेली यशाची टक्केवारी आपण छापू नये, ही विनंती.

— संगणकीय मेंदूविज्ञानाचे अभ्यासक