खालची माणसं वरून कशी दिसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या भयाण समाजाचं चित्र रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, शंकाच नाही. पण 'या कादंबऱ्या म्हणजे वर्गभेदाचा आरसा' एवढं म्हणून लेखक मोकळे होतात, तिथे मला थोडं बोलायचंय. आरसा आहे हे कबूल. फक्त त्यात खालची माणसं दिसतात ती बहुतेक वेळा वरून पाहिल्यासारखी.

ऑर्वेलची '1984' घ्या. त्या देशात शंभरातली 85 माणसं 'प्रोल', म्हणजे कष्टकरी. आशा असेलच तर ती यांच्यातच आहे, असं नायक विन्स्टन डायरीत लिहितो. पण बघतो कसा? माडीवरच्या भाड्याच्या खोलीतून तो खाली अंगणात लंगोट वाळत घालणारी एक धिप्पाड बाई पाहतो, तिचं गाणं ऐकतो, तिच्याबद्दल त्याला भरून येतं. जिना उतरून तिच्याशी दोन शब्द बोलावेत, हे काही त्याला सुचत नाही. हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (1932) माणसं बाटलीत तयार होतात आणि कोण अल्फा म्हणजे सगळ्यात वरचा, कोण एप्सिलॉन म्हणजे सगळ्यात खालचा, हे आधीच ठरतं. (आपल्याकडे ते ठरवायला बाटली कधी लागली नाही, पण ते असो.) तिथे सगळ्यात खालच्या थरातला एक लिफ्टवाला भेटतो. गच्चीवर उजेडात पोचला की 'गच्ची! गच्ची!' करत हरखतो. लगेच खाली जाण्याचा हुकूम येतो आणि तो अंधारात परत जातो. झालं त्याचं काम.

वेल्सची गोष्ट मला सगळ्यात चटका लावते. 'टाइम मशीन' 1895 सालची. आठ लाख वर्षांनंतर वर उजेडात नाजूक, ऐतखाऊ इलॉय राहतात आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे मॉरलॉक. हे भविष्य वेल्सला फार लांबून आणावं लागलं नसणार. त्याची आई इंग्लंडमधल्या अपार्क नावाच्या बड्या हवेलीत हाउसकीपर होती. नोकरांचा वावर तळघरात, आणि त्यांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून भुयारं काढलेली. पोरवयात त्याने ते सगळं पाहिलंय. तरी कादंबरी लिहायला बसल्यावर त्याचा कालप्रवासी नायक जीव लावतो इलॉय पोरीला, आणि मॉरलॉकांना लोखंडी दांड्याने झोडपतो! तळघरात राबणाऱ्या आईच्या मुलाला तळघराच्या बाजूने गोष्ट सांगता आली नाही.

याला अपवाद आहेत. बाँग जून-हो यांचा 'स्नोपिअर्सर' (2013) हा सिनेमा नातवाने मोबाइलवर दाखवला. बर्फाने गोठलेल्या पृथ्वीभोवती एक गाडी फिरत असते, शेवटच्या डब्यांत कंगाल आणि पुढे श्रीमंत. गोष्ट सुरू होते ती शेवटच्या डब्यात. नातू म्हणाला, काय भारी कल्पना! माझी सगळी नोकरी भुसावळला तिकीट तपासनीस म्हणून गेली. मला त्यात कल्पना कुठली, तेच कळेना. रेल्वेतला तिसरा वर्ग 1974 साली कागदावरून गेला, एवढंच. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला, बांधकामावर गुजरातेत निघतात. त्यातली किती तरी नंदुरबारला गाडीत चढायची. डोक्यावर गाठोडी, पिशवीत कोंबडी, कडेवर पोर. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं हिशेबातच नाहीत. जनरलचा डबा भरला की शौचालयाच्या दारात बसायचं. पलीकडे स्लीपर असतो, पण एकतर मधे वाटच नाही, असली तर शटर पाडलेलं. एकदा शिंदखेड्याचे एक म्हातारबाबा दारातच अंग चोरून बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तिकीट शे ना साहेब, पन जागाच नई शे."

हे जेव्हा खालचा माणूस स्वतः लिहितो, तेव्हा त्याला कोणी डिस्टोपिया म्हणत नाही. बाबुराव बागुलांच्या कथा, ढसाळांचा 'गोलपिठा' यांना आपण दलित साहित्य म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो. डिस्टोपिया कधी होतो? तीच पाळी सुखवस्तू घरावर येते तेव्हा. प्रयाग अकबर यांच्या 'लैला'मध्ये (2017) शहरभर भिंती उभ्या राहिल्यात, पाणी आणि स्वच्छ हवासुद्धा ऐपतीप्रमाणे मिळते. वाचताना धसका बसतो, कारण यात भरडली जाते ती चांगल्या घरातली बाई. कादंबरी चांगलीच आहे. पण त्या भिंतीबाहेर जे जन्मापासूनच राहतात, त्यांच्यासाठी आपल्याला तसा धसका बसत नाही.

आपल्या लेखात परदेशी नावांची रांग आहे आणि आमच्या शहादा भागातले भिल्ल कवी वाहरू सोनवणे मात्र नाहीत. त्यांची 'स्टेज' ही कविता जेमतेम काही ओळींची आहे. आम्हाला स्टेजवर बोलावलंच नाही, बोट दाखवून खाली बसवलं, आणि ते वर उभे राहून आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले, असा तिचा आशय. ऑर्वेलच्या अंगणातल्या त्या बाईला बोलता आलं असतं, तर ती हेच म्हणाली असती. फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन साहित्य संमेलनं एकाच वेळी भरली होती. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात गेलं तरी ही कविता कळत होती.

तेव्हा विनंती अशी, की या विषयावर पुढचा लेख काढाल तेव्हा तो नंदुरबारच्या एखाद्या वसतिगृहात शिकणाऱ्या पावरा किंवा भिल्ल आदिवासी मुलाकडून अथवा मुलीकडून लिहून घ्यावा. 'लैला' आणि 'टाइम मशीन' त्यांच्या हातात द्या आणि काय खटकलं ते विचारा. सोबत 'स्टेज' छापा, रीतसर परवानगी घेऊन. आणि दोघांनाही मानधन वेळेवर द्या.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, भुसावळ