भट्टीकाम नुसत्या भेटीने येत नाही

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्या काळात मुलांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे धोरण म्हणते आणि धातुकामाचे नावही घेते. मात्र लोहाराकडे उभे राहून पाहिल्याने हे काम येत नाही. आठवीच्या मुलांनी निदान एक छिन्नी पहिल्या घावापासून धारेपर्यंत स्वतः करावी.

बांधकामाची सळई यासाठी निरुपयोगी. कार्बन कमी असल्याने ती पाणी धरत नाही, म्हणजे तापवून एकदम निववली तरी पुरेशी कडक होत नाही. गाडीच्या जुन्या स्प्रिंगची सरळ केलेली, १२ मिमी जाडीची आणि १५ सेंमी लांबीची सळई घ्यावी. टोक नारिंगी होईपर्यंत तापवून ऐरणीवर दोन्ही बाजूंनी ठोकायचे. लाली मंदावली की थांबून पुन्हा भट्टीत. थंडावलेल्या पोलादावर घाव घातले तर चिरा पडतात. ठिणग्या उडू लागल्या तर धातू जळाला, तेवढे टोक कापूनच टाकावे. मग सळई राखेत पुरून सावकाश निववायची, म्हणजे कानस चालते. धार साठ अंशांची.

खरी कसोटी पाणी देताना. फक्त टोकाचे दोन-तीन सेंमी तापवावे. चुंबक चिकटेनासा झाला की किंचित आणखी तापवून तेलात बुडवावे. पाण्यात हे पोलाद तडकू शकते. आता धार काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून चकचकीत करावी आणि मागचा भाग हळूहळू तापवावा. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग धारेकडे सरकतात. धारेवर जांभळा (सुमारे २८० अंश) येताच निववावे. निळा पुढे गेला तर धार मऊ पडते. छिन्नीच्या डोक्याला पाणी देऊ नये, हातोडीच्या घावाने कपच्या उडून डोळ्यात जातात. म्हणून चष्मा, सुती कपडे आणि बंद बूट हवेतच. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा भट्टीत कधीही घालू नये, त्याचा धूर बाधतो.

पुण्याजवळच्या पाबळ येथील विज्ञान आश्रमाने १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा मार्ग दाखवला आहे. पुढे दहावीनंतर आयटीआयचा फिटर, टर्नर किंवा टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि तिथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. उष्णतेने पोलाद कसे बदलते हे हाताने अनुभवलेल्या मुलाला तिथले हीट ट्रीटमेंटचे धडे जड जात नाहीत.

शाळांनी एका भट्टीवर एका वेळी दोनच मुले ठेवावीत, झाकणाच्या डब्यात तेल आणि शेजारी वाळूची बादली ठेवावी, आणि शिकवायला गावातल्या लोहारालाच मानधन देऊन बोलवावे.

– एक शिल्प निदेशक